अट शिथिल करण्यात यावी

परभणीत बसमत रस्त्याला माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. १९९२ साली सुरू केले तेव्हा दोन टाइपरायटर होते, एक मराठी आणि एक इंग्रजी. आता तीन संगणक आहेत आणि टाइपरायटर माळ्यावर. कृषी विद्यापीठ जवळ असल्याने गिऱ्हाईक बहुतेक विद्यार्थ्यांचे. एम. एस्सी. आणि पीएच. डी.चे इतके प्रबंध या बोटांखालून गेले, की करपा, केवडा, काणी हे पिकांचे रोग मला रानात कमी आणि कागदावर जास्त भेटले. मी स्वतः बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडलेला माणूस. इतिहासाचा नाद लागला तो रद्दीतून. पाठकोरे कागद आणायला जायचो आणि किलोच्या भावाने जुनी चरित्रे, स्मरणिका, गौरवग्रंथ घेऊन यायचो.

प्रबंधाइतकेच अर्जही टंकले. शिष्यवृत्तीचे, पाठ्यवृत्तीचे, आणि अलीकडे सरकारी मराठीत जिला ‘अधिछात्रवृत्ती’ म्हणतात तिचे. विद्यार्थी मात्र सरसकट ‘फेलोशिप’च म्हणतात. अर्जाचे नमुने बदलले, पण एक वाक्य तीस वर्षांत बदलले नाही: ‘माझ्या बाबतीत सदर अट शिथिल करण्यात यावी, ही नम्र विनंती.’ कधी वयाची अट, कधी टक्क्यांची, कधी रहिवासाची. हे वाक्य मी डोळे मिटून टंकू शकतो.

मागच्या आषाढात पाथरी तालुक्यातली एक मुलगी आली. मुलगी म्हणायचे ती माझ्या वयामुळे, तिच्या कडेवर वर्षाचे बाळ होते. वनस्पती-प्रजनन विषयात एम. एस्सी., विद्यापीठात चांगला क्रमांक. नंतर लग्न, बाळंतपण, सासऱ्यांचे आजारपण. ज्या संशोधन-प्रशिक्षणाच्या फेलोशिपसाठी तिला अर्ज करायचा होता तिची अट होती, की पदव्युत्तर पदवीनंतर पाच वर्षांच्या आत अर्ज यावा. हिला पाच वर्षे सात महिने झाले होते. शिफारसपत्रासाठी ती आपल्या जुन्या सरांकडे चारदा गेली होती. पाचव्या खेपेला पत्र मिळाले, सोबत ‘आता संसाराकडे बघ’ हा सल्लाही. मी ते वाक्य टंकत असताना तिने विचारले, “काका, असं लिहून कधी कुणाची अट शिथिल झालीय का हो?”

मी हो म्हणालो, पण नाव सांगता आले नाही. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे.

विद्येसाठी पैसे देताना अट घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईत श्रावणमासात पुण्याला दक्षिणा वाटली जाई. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात देशभरातून शास्त्री-पंडित जमत, आणि त्यांच्या विद्वत्तेची पारख होऊन रक्कम ठरे. अट एकच, पण ती लिहून ठेवायचीही गरज नव्हती: मागणारा ब्राह्मण पाहिजे. १८१८ नंतर इंग्रजांनी ही दक्षिणा एकदम बंद केली नाही, हळूहळू वळवली. काही पैसा पुण्याच्या संस्कृत पाठशाळेला गेला, काही मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांना, आणि विद्यापीठ निघाल्यावर त्यातूनच ‘दक्षिणा फेलो’ नावाची जागा तयार झाली. रा. गो. भांडारकर आणि न्यायमूर्ती रानडे हे दोघेही आपल्या तरुणपणी दक्षिणा फेलो होते. आज फेलोशिपचा हप्ता लांबला म्हणून चिडलेल्या पोरांना मी गमतीने सांगतो, की बाबांनो, तुमच्या या शब्दाचे आजोळ पर्वतीच्या रमण्यात आहे. त्यांना ते फारसे आवडत नाही.

विज्ञानाच्या फेलोशिपा मात्र विसाव्या शतकातल्या. त्यांच्या आधी, १८९२ साली, जमशेटजी टाटांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधी उभा केला. तिथली अट सरळ होती: शिकून कमवायला लागलात की फेडा. मग १९१२-१३च्या सुमारास कलकत्त्यात दोन वकिलांनी विद्यापीठाला प्रचंड देणग्या दिल्या. एक तारकनाथ पालित, दुसरे रासबिहारी घोष. घोषांनी १९१३ मध्ये दहा लाख रुपये दिले आणि त्यातून चार अध्यासने निघाली: उपयोजित गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, आणि शेतीचा विशेष विचार करणारे वनस्पतिशास्त्र. या देणग्यांमागच्या दोन अटी मला फार अर्थपूर्ण वाटतात. प्राध्यापक भारतीयच हवा, ही एक. आणि त्याचे परदेशी प्रशिक्षण झालेले नसेल, तर त्याने आधी बाहेर जाऊन शिकून यावे, ही दुसरी. पहिल्या अटीत स्वाभिमान आहे आणि दुसरीत त्या स्वाभिमानाला वाटणारी धास्ती. आमचाच माणूस हवा, पण तिकडचा शिक्का असलेला हवा.

वनस्पतिशास्त्राची ती जागा एका मराठी माणसाला मिळाली. शंकर पुरुषोत्तम आघारकर, जन्म मालवणचा, १८८४ सालचा, शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. कोकणातून, घाटातून पायी भटकत नमुने गोळा करणे हा त्यांचा छंद. त्या भटकंतीत त्यांना सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यात, गोड्या पाण्यातला एक जेलीफिश सापडला. तोवर असा प्राणी आफ्रिकेतल्या सरोवरांतच असतो अशी समजूत होती. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी त्याची दखल घेतली, त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि आघारकरांचे नाव मुंबईच्या बाहेर गेले. फेलोशिपच्या अर्जात ‘आजवरचे संशोधनकार्य’ असा एक रकाना असतो. आघारकरांच्या त्या रकान्यात एक नदी होती, असे मी म्हणतो.

अटीप्रमाणे ते १९१४ मध्ये जर्मनीला गेले. भौतिकशास्त्राचे घोष प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस हेही त्याच सुमारास बर्लिनला होते. ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून हे दोघे एका रात्रीत शत्रुपक्षाचे ठरले. ज्या साम्राज्याच्या अविश्वासावर उत्तर म्हणून ती अध्यासने निघाली, त्याच साम्राज्याची प्रजा म्हणून त्यांना अडकून पडावे लागले. आघारकरांच्या वाट्याला काही काळ स्थानबद्धताही आली. तरी त्यांनी बर्लिनमध्ये अडॉल्फ एंग्लर या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे काम केले. विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीवरच्या वनस्पती कशा पसरल्या, कुठून आल्या. १९१९ साली पीएच. डी. घेऊन ते परतले. पुढे पाव शतक कलकत्त्यात शिकवून १९४६ मध्ये पुण्याला आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. १९९२ पासून त्या संस्थेला त्यांचेच नाव आहे.

आघारकरांनी अट पाळली आणि तिची किंमत पाच वर्षांनी मोजली. त्याच एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी. ए. झालेल्या दुसऱ्या एका तरुणाची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको, पण तिच्यातली अट पुष्कळदा नजरेतून सुटते. भीमराव आंबेडकर यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची. बाबासाहेबांनी करार पाळायचा प्रयत्न केला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजूही झाले. पण महाराजांच्या करारात नसलेली एक अट बडोदे शहराने आधीच घालून ठेवलेली होती. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले. करार मोडला तो असा. कराराचा इतिहास लिहिताना कागदाबरोबर गावही वाचावे लागते.

वाचक म्हणतील, परभणीचा माणूस कलकत्ता आणि बडोदे सांगतोय, आमच्या परभणीतून १९१३ साली कोण गेले? परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानाने १९१८ मध्ये इथे शेतीसंशोधनाचे प्रयोगक्षेत्र सुरू केले, ही गोष्ट खरी आणि आमच्या अभिमानाची. पण त्याच वर्षी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले त्याचे माध्यम उर्दू. घरी मराठी, शाळेत उर्दू, पुढे प्रयोगशाळेत इंग्रजी, असा तीन भाषांचा घाट चढून जाणारा कुणब्याचा पोरगा फेलोशिपच्या अर्जापर्यंत पोचणार कधी? नापास होण्यासाठीसुद्धा आधी परीक्षेला बसावे लागते. १९४८च्या सप्टेंबरात संस्थान गेले. १९५० मध्ये औरंगाबादला बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले, पुढे तेच मिलिंद महाविद्यालय. १९५६ मध्ये परभणीला कृषी महाविद्यालय आले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ, आणि १८ मे १९७२ रोजी परभणीचे कृषी विद्यापीठ. माझ्या दुकानासमोरून जाणारी पहिल्या पिढीची संशोधक पोरे या चार तारखांची आहेत. भाजीबाजारात ‘परभणी क्रांती’ भेंडी सगळ्यांना माहीत असते, पण ती जांभळे आणि नेरकर या इथल्या शास्त्रज्ञांनी रानटी जातीशी संकर करून, पिवळ्या शिरांच्या रोगाला दाद न देणारी अशी तयार केली, हे भेंडी निवडणाऱ्या बाईला कशाला कोण सांगेल.

आता मूळ उत्तराकडे येतो. ते कमला भागवत यांच्या गोष्टीत आहे, आणि त्यातली अर्धी बाजू सहसा सांगितली जात नाही.

कमलाबाई म्हणजे दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. लग्नानंतर कमला सोहोनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’चे, सुरुवातीच्या काळातले विद्यार्थी. १९३३ मध्ये कमला मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली, रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र दुय्यम, गुणांच्या यादीत वर. घरात ठरल्यासारखेच होते की आता बंगळूर. तिने अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. कारण गुणांचे नव्हते. त्याच वर्षी संस्थेचे संचालक झालेले सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी मुलगी म्हणून तिला नाकारले.

तिने परत पत्र लिहून विनंती केली नाही. ती बंगळूरला गेली, रामन यांच्यासमोर उभी राहिली, कारण विचारले, आणि प्रवेश मिळेपर्यंत त्यांच्या दाराशी सत्याग्रह करीन असे सांगितले. १९३३ साल आहे हे लक्षात घ्यावे. मिठाचा सत्याग्रह तीनच वर्षांपूर्वी झाला होता, आणि तो शब्द शिकलेल्या मुलीच्या तोंडी नुकता रुळत होता. रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे संस्थेतल्या पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. तिने तिन्ही अटी मान्य केल्या. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध, डाळी, कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर तिने काम केले. वर्षाने रामन यांची खात्री पटली, तिला नियमित प्रवेश मिळाला, आणि तिच्यामागून मुलींना संस्थेचे दार उघडले.

गोष्ट बहुतेक ठिकाणी इथे थांबते: जिद्दी मुलगी, हट्टी पण शेवटी गुणग्राही शास्त्रज्ञ. मला ती इथे थांबवावीशी वाटत नाही, कारण रद्दीतून आणलेल्या एका चरित्रात मला रामन यांचाच जुना अर्ज भेटला. अर्ज म्हणजे कागद नव्हे, प्रसंग.

वर मी पालित आणि घोष यांच्या देणग्यांची अट सांगितली. पालित अध्यासन रामन यांना देऊ केले गेले तेव्हा ते कलकत्त्यात सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते. संशोधन करायचे ते पहाटे आणि कचेरी सुटल्यावर, बहुबाजारातल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत. परदेशी शिक्षण नाही, पीएच. डी. नाही. नियमाप्रमाणे त्यांनी आधी परदेशी जाऊन प्रशिक्षण घ्यायला हवे होते, आघारकर गेले तसेच. रामन यांनी साफ नकार दिला. मला शिकवायला तिकडे कोणाची गरज नाही, असा त्यांचा बाणा. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी माणूस ओळखला आणि ती अट बाजूला ठेवली. १९१७ मध्ये रामन सरकारी नोकरी सोडून, जवळजवळ निम्म्या पगारावर, पालित प्राध्यापक झाले. १९३० मध्ये नोबेल मिळाले.

म्हणजे ज्याची अट शिथिल झाली असा, भारतीय विज्ञानातला सर्वांत नामवंत अर्जदार स्वतः रामनच होते. कचेरी सुटल्यावर, अवेळी, कोणाच्या लेखी नियमित संशोधक नसताना काम करणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आणि सोळा वर्षांनी त्याच हातांनी दुसऱ्याच्या अर्जावर तीन अटी वाढवल्या. त्यांतल्या दोन तर थेट त्यांच्याच तरुणपणातल्या: अनियमित राहा आणि अवेळी काम कर. रामन यांनी ते दिवस स्वतःहून निवडले होते, कमलाबाईंवर ते लादले गेले, इतकाच फरक. मी रामन यांना खलनायक करू पाहत नाही. त्यांनी तिला परत पाठवले असते तरी त्या काळी कोणी जाब विचारला नसता. पण मोठ्या मनाच्या कुलगुरूने मोडलेली अट फक्त एकाच माणसापुरती मोडली होती. नियम जिथल्या तिथे होता, माणूस तेवढा आत आला. आत आल्यावर त्याने दार पुन्हा लोटून घेतले.

कमलाबाईंनी हे कधी विसरले नाही. पुष्कळ वर्षांनी, मानसन्मान मिळाल्यावरही, त्या जाहीरपणे म्हणत, की रामन थोर शास्त्रज्ञ होते, पण मुलगी म्हणून मिळालेली ती वागणूक हा आपला अपमानच होता.

पुढची वाट तुलनेने सुकर. १९३६ मध्ये एम. एस्सी., मग शिष्यवृत्त्यांच्या आधारावर १९३७च्या अखेरीस केंब्रिज, न्यूनहॅम कॉलेज. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी नोबेल मिळवलेले फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. प्रयोगशाळा भरलेली. तेव्हा डेरेक रिक्टर या संशोधकाने आपले एक टेबल तिला दिवसा वापरायला दिले. रात्री त्याच टेबलावर तो झोपायचा. बंगळूरला जागा असून अटी होत्या, इथे जागाच नव्हती आणि अट कोणी घातली नाही. हा प्रसंग मला त्या पदवीपेक्षा मोलाचा वाटतो. रिक्टर गेल्यावर ती रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागली. बटाट्यावर काम करताना तिने दाखवून दिले की श्वसनाच्या क्रियेत भाग घेणारे सायटोक्रोम-सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींमध्येही असते. चौदा महिन्यांत प्रबंध पुरा, आणि तोही चाळीसेक पानांचा. माझ्या दुकानात चारशे पानांखालचा प्रबंध आला तर विद्यार्थी लाजतो, म्हणून हा आकडा मुद्दाम दिला.

१९३९ मध्ये परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये लग्न होऊन मुंबईला आल्यावर इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तिथे गरिबांच्या आहारातल्या पदार्थांवर त्यांनी विद्यार्थ्यांसह वर्षानुवर्षे काम केले. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. संस्थेच्या संचालकपदासाठी मात्र त्यांना चारेक वर्षे ताटकळत ठेवले गेले. अर्ज मंजूर झाला तरी तो संपत नाही, असे दिसते.

इथे थोरल्या बहिणीची आठवण होते. दुर्गाबाईही संशोधनालाच निघाल्या होत्या, मध्य प्रांतातल्या आदिवासींमध्ये. तिथे सुरणातून विषबाधा झाली आणि पुढची काही वर्षे अंथरुणात गेली. डॉक्टरेट राहून गेली ती गेलीच. मग त्यांनी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात आयुष्य काढले आणि लोकसाहित्यापासून बौद्ध वाङ्मयापर्यंत जे लिहिले ते पदवीवाचून लिहिले. एका घरातल्या दोन बहिणी, एकीने तीन अटी मान्य करून दार उघडून घेतले, दुसरी दारातून परत फिरली आणि बाहेर बसून लिहीत राहिली. माझ्यासारख्याला दुसरी जवळची वाटते, हे कबूल करतो.

कमलाबाईंनंतर सात वर्षांनी, १९४० मध्ये, त्याच बंगळूरच्या संस्थेत शिष्यवृत्ती मिळवून त्रावणकोरच्या अ‍ॅना मणी आल्या, आणि थेट रामन यांच्याच प्रयोगशाळेत. हिरा आणि माणिक यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर त्यांनी १९४२ ते १९४५ या काळात पाच शोधनिबंध एकटीच्या नावावर प्रसिद्ध केले आणि पीएच. डी.चा प्रबंध दिला. मद्रास विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण, त्यांच्याकडे एम. एस्सी. नव्हती, फक्त बी. एस्सी. ऑनर्स. अट शिथिल झाली नाही. आशुतोष मुखर्जींसारखे तिथे कोणी नव्हते, किंवा असले तरी त्यांनी मान वर करून पाहिले नाही. मग सरकारी शिष्यवृत्ती मिळाली ती भौतिकशास्त्राची नव्हती, हवामानशास्त्राच्या उपकरणांची. तेवढीच उपलब्ध होती. त्या लंडनला गेल्या, १९४८ मध्ये परतून पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या, आणि पुढे देशात पाऊस, ऊन, वारा मोजणारी उपकरणे देशातच बनू लागली त्यात त्यांचा मोठा वाटा. आमच्या मराठवाड्यात पाऊस किती मिलिमीटर पडला नाही, हे ज्या यंत्रांनी मोजले जाते, त्यांच्या मागे अशी एक नाकारलेली पीएच. डी. आहे.

आज परिस्थिती बदलली आहे ती अट मोडणाऱ्या मोठ्या माणसांमुळे कमी आणि छापील नियमांमुळे जास्त. १९५४-५५ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. कनिष्ठ संशोधन फेलोशिपच्या वयोमर्यादेत स्त्रियांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत आहे, आणि तिच्यासाठी नम्र विनंती लिहावी लागत नाही, रकान्यात खूण केली की झाले. १ जानेवारी २०२३ पासून ती फेलोशिप महिना ३७,००० रुपये झाली. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आहेत. त्यांच्या जागा किती आणि सरसकट द्यायच्या की चाळणी लावायची, यावर २०२३ मध्ये संशोधक विद्यार्थी आझाद मैदानात बसले. कमला भागवत एकटी बसायला निघाली होती, हे शेकड्यांनी बसले. पण छापील नियमालाही फट असते. बाळंतपणाचे सात महिने कोणत्या रकान्यात भरायचे, हे अजून प्रत्येक फेलोशिपच्या नमुन्यात आलेले नाही.

माझा स्वतःचा एक अर्ज आहे, तो सांगून टाकतो. जिल्ह्यातल्या जुन्या शाळांच्या इतिहासासाठी मी काही वर्षांपूर्वी एका संस्थेकडे अल्पशी संशोधनवृत्ती मागितली. उत्तर दोन ओळींचे आले: अर्जदार पदव्युत्तर पदवीधारक नसल्याने विचार करता येत नाही. तेव्हा मी ते नेहमीचे वाक्य लिहायला बसलो. दुसऱ्यांसाठी हजारदा टंकलेले, आणि स्वतःसाठी बोट चालेना. तो कागद तसाच ड्रॉवरमध्ये आहे. शाळांचा इतिहास मी दुकानाच्या पैशातून करतो आहे, सावकाश.

आषाढात आलेल्या त्या मुलीचा अर्ज आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला. ‘नम्र विनंती’ ठेवली, पण तिच्याआधी तिने एक परिच्छेद घातला: या पाच वर्षे सात महिन्यांत तिने घरच्या दोन एकरांत भेंडी आणि तुरीच्या किती वाणांची नोंदवही ठेवली, कोणत्या ओळीवर रोग आला, कोणत्या ओळीवर आला नाही. वही तिने पिशवीतून काढून दाखवली. बाळाने कोपरा चावलेला होता. पंधरा पाने मी झेरॉक्स करून अर्जाला जोडली, आणि पैसे घ्यायचे विसरलो असे दाखवले. तिने ओळखले आणि काउंटरवर ठेवून गेली.

यादी दिवाळीनंतर लागणार आहे.